शॉकअप धक्का शोषत नाही : खेळण्यातल्या ट्रकच्या एका नळीचा इतिहास

#थ्रेड

१/
रेडिओ-नियंत्रणावर चालणारा, म्हणजे हौशी मंडळींच्या भाषेत ‘आरसी’ ट्रक मातीच्या उंचवट्यावरून उडतो, जमिनीवर आदळतो, चेंडूसारखा दोन-तीनदा उसळतो आणि कलंडतो. मालक ठरवतो, की आता शॉकअप बदलायचे. दुकानात त्याच्यासमोर सोनेरी किंवा निळ्या झळाळीच्या ॲल्युमिनियमच्या चार नळ्या मांडल्या जातात. त्या बसवल्याने ट्रक खरोखर सुधारेल का? ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर सुमारे सव्वाशे वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे. पॅरिस, डेट्रॉइट, शिझुओका आणि कॅलिफोर्निया अशा वळणांनी जाणारा तो इतिहास ह्या थ्रेडमध्ये पाहू.

२/
आरंभ नावापासून करावा लागेल. गॅरेजमध्ये रूढ झालेला ‘शॉकअप’ हा शब्द ‘शॉक ॲब्सॉर्बर’चा अपभ्रंश. त्याचा अर्थ धक्का शोषून घेणारा. प्रत्यक्षात खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. ती दबते, ऊर्जा साठवते आणि क्षणार्धात ती जवळजवळ सगळी परत करते. ह्या परतफेडीमुळेच गाडी खाली-वर हेलकावत राहते. शॉकअपचे काम ह्या हेलकाव्यांना लगाम घालण्याचे : परत येणारी ऊर्जा अडवायची आणि तिची उष्णता करून टाकायची. ब्रिटिश इंग्रजीतला ‘डॅम्पर’, म्हणजे शमवणारा, हा शब्द अधिक नेमका आहे. चुकीचे नाव मात्र जगभर टिकले आणि त्या नावाने बराच गोंधळही घातला.

३/
हेलकावे शमवणे ही केवळ प्रवाशाच्या सुखाची बाब नाही. वाहनाला वळण घेता येते, वेग देता येतो, ब्रेक लावता येतो तो चाक जमिनीला टेकलेले असेल तरच. उसळणारे चाक हवेत असते, आणि हवेतल्या चाकाला ना दिशा असते ना पकड. म्हणून शॉकअपचा इतिहास हा मुळात चाकाला जमिनीवर ठेवण्याच्या धडपडीचा इतिहास आहे. प्रवासी नसलेल्या खेळण्यातल्या ट्रकलाही शॉकअपची तितकीच गरज का भासते, ह्याचे कारण हेच.

४/
घोडागाड्यांच्या काळात वेगळ्या शॉकअपची निकड फारशी जाणवली नाही. लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि बग्ग्यांचा प्रवास सुसह्य झाला. ह्या कमानी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या असत. आजही मालवाहू ट्रकखाली दिसणारे कमानपाटे त्याच कुळातले. कमान वाकते तेव्हा पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात थोडी ऊर्जा आपोआप खर्ची पडते. घोड्याच्या वेगाला एवढे शमन पुरेसे होते. कमानीच्या पोटात शॉकअप जणू फुकट मिळत होता.

५/
मोटारगाडीने हे गणित मोडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेग वाढला, रस्ते मात्र घोड्यांच्या काळातलेच राहिले. फ्रान्समध्ये जूल त्रुफो ह्या संशोधकाने ह्यावर उपाय काढला. आधी सायकलसाठी आणि मग मोटारीसाठी त्याने कात्रीसारखे दोन दांडे घेतले, एक गाडीच्या सांगाड्याला जोडला, दुसरा आसाला. दोन्ही दांडे जिथे मिळतात तिथे चकत्या घट्ट आवळून बसवल्या. चाक वर-खाली झाले की चकत्या एकमेकींवर घासत आणि उसळी जिरत असे. कमानपाट्यांच्या पोटातले घर्षण त्रुफोने बाहेर काढून एका स्वतंत्र यंत्रात ठेवले. त्याच्या यंत्रातले घर्षण पेच आवळून वाढवता येत होते.

६/
एडवर्ड हार्टफर्ड ह्या अमेरिकी गृहस्थाने ही कल्पना अमेरिकेत नेली आणि ‘त्रुफो-हार्टफर्ड’ ह्या जोडनावाने ती बाजारात आणली. १९०४ मध्ये जर्मनीत झालेली गॉर्डन बेनेट करंडकाची शर्यत लेऑन तेरी ह्या फ्रेंच चालकाने रिशार-ब्राझिए गाडीतून जिंकली. त्या गाडीला त्रुफोची घर्षणयंत्रे बसवलेली होती. वेगवान गाडीला केवळ दणकट इंजिन पुरत नाही, चाकेही जमिनीवर राहावी लागतात, हा धडा शर्यतींच्या जगाने घेतला. सर्वसामान्य मालकासाठी मात्र शॉकअप ही पुढे बरीच वर्षे पदरचे पैसे देऊन वेगळी बसवून घ्यायची वस्तू राहिली.

७/
कोरड्या घर्षणात एक मूलभूत खोट होती. घर्षणाचा विरोध वेगाप्रमाणे वाढत नाही. उलट, वस्तू स्थिर असताना तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे लहान खड्ड्यावर चकत्या हलायलाच तयार नसत आणि धक्का थेट सांगाड्यात जाई. मोठ्या खड्ड्यावर, म्हणजे जिथे भरपूर विरोध हवा तिथे, तो अपुरा पडे. गरज होती अशा विरोधाची, जो हळू हालचालीला नरम आणि जलद हालचालीला कठोर असेल. हा गुण द्रवात असतो. पाण्यात हात सावकाश फिरवा, पाणी वाट देते. तोच हात जोराने मारा, पाणी अडवते.

८/
फ्रान्सच्याच मोरीस हुदाय ह्याने १९०८ मध्ये द्रवाचा हा गुण वापरणाऱ्या शॉकअपचे पेटंट घेतले. बंद डबीत तेल, तेलात फिरणारे पाते आणि पात्याला जोडलेला बाहेरचा दांडा अशी त्याची रचना. दांडा हलला की तेलाला अरुंद वाटेने एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जावे लागे. वाट जितकी अरुंद आणि तेल जितके दाट, तितका विरोध अधिक. पुढे शॉकअपचा आकार कितीतरी बदलला. डबीची नळी झाली, पात्याचा दट्ट्या झाला. मात्र ‘भोकातून ढकललेले तेल’ हे मूळ सूत्र आजतागायत तेच आहे.

९/
ह्याच १९०८ साली अमेरिकेत फोर्डची ‘मॉडेल टी’ आली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. कारखान्यातून निघताना तिच्यावर शॉकअप नसत. साहजिकच ते वेगळे विकणाऱ्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. त्यातले एक गाजलेले नाव हॅसलर. ‘हॅसलर शॉक ॲब्सॉर्बर’ अनेक मॉडेल टी गाड्यांवर बसले. गंमत अशी, की त्या उपकरणात तेल नव्हते. मूळ कमानीला जोड म्हणून लावलेल्या त्या गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. त्यांनी धक्का मऊ केला, हे खरे. उसळी जिरवण्याचे काम मात्र मुख्यतः जुन्या पाट्यांच्या घर्षणावरच राहिले. नावातल्या गोंधळाचे हे ठळक उदाहरण.

१०/
१९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ वर फोर्डने हुदायच्या पद्धतीचे तेलाचे शॉकअप कारखान्यातूनच दिले. कालपर्यंतची चैन आता प्रमाण ठरली. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने पुढच्या चाकांसाठी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि स्वतंत्र निलंबन स्वीकारले. गुंडाळीच्या स्प्रिंगेत पाट्यांसारखे आपसातले घर्षण जवळजवळ नसतेच, त्यामुळे शॉकअप अपरिहार्य झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर नळीत सरकणाऱ्या दट्ट्याचा दुर्बिणीसारखा शॉकअप सर्वत्र रूढ झाला. आज मोटारसायकलच्या मागे दिसतो तो हाच.

११/
ह्या प्रवासाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर ह्याने गॅब्रिएल ह्या नावाने आधी मोटारीचे भोंगे विकले. नंतर, पट्ट्याच्या साह्याने कमानीची परतीची उसळी आवरणारे ‘स्नबर’ त्याने बाजारात आणले. त्याच व्यापारी नावाची गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईतील मुलुंडच्या कारखान्यात शॉकअप तयार होऊ लागले. भोंग्यासाठी घेतलेले देवदूताचे नाव अशा रीतीने मुलुंडच्या कारखान्यावर लागले.

१२/
आता खेळण्यांच्या जगाकडे वळू. जपानमधील शिझुओका शहरात योशिओ तामिया ह्यांनी १९४६ मध्ये लाकडाचा व्यवसाय सुरू केला. त्यातून लाकडी आणि पुढे प्लॅस्टिकची मॉडेल बनवणारी तामिया कंपनी उभी राहिली. १९७६ मध्ये तिने पोर्श ९३४ ची एक-बारांश आकाराची रेडिओ-नियंत्रित गाडी आणली. मॉडेल हुबेहूब व्हावे म्हणून कंपनीने एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. पण ही मॉडेल-गाडी गुळगुळीत जागेसाठी होती. जिथे खड्डेच नाहीत, तिथे निलंबनाचा फारसा प्रश्न उद्भवत नाही.

१३/
तो प्रश्न १९७९ मध्ये उद्भवला. त्या वर्षी तामियाने ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ ह्या एक-दशांश आकाराच्या, माती-वाळूत धावणाऱ्या गाड्या आणल्या. सँड स्कॉर्चरचे शरीर वाळवंटी शर्यतींसाठी फेरफार केलेल्या फोक्सवॅगन बीटलचे होते, आणि तिच्या धातूच्या भुजाही खऱ्या बीटलप्रमाणे हलत. खेळण्याची गाडी आता अंगणातून मैदानात उतरली. मैदानात उतरताच तिच्यापुढे तेच संकट उभे राहिले, जे १९०० च्या सुमारास मोटारींपुढे होते.

१४/
किंबहुना संकट अधिक मोठे होते, कारण मॉडेल लहान करता येते, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. एक-दशांश आकाराचा ट्रक ३० सेंटिमीटरवरून पडतो, ते त्याच्या मापाने ३ मीटरवरून पडण्यासारखे असते. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर असतो. चाकाला वर सरकायला ३ सेंटिमीटर जागा असेल, तर सगळा वेग सुमारे एक-चाळीसांश सेकंदात संपवावा लागतो. ताशी ४० किलोमीटरने धावणारे मॉडेल त्याच्या मापाने ताशी सुमारे १२५ किलोमीटर वेगात असते. खरा ट्रक एकदाच सोसेल असा मार खेळण्यातला ट्रक रोज संध्याकाळी सोसतो.

१५/
ह्या टप्प्यावर १९८४ हे वर्ष निर्णायक ठरते. त्या वर्षी तामियाने दोन स्वस्त बग्गी आणल्या : ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’. दोघींचा मूळ सांगाडा एकच. ग्रासहॉपरला लहान ३८० मोटर आणि मागे नुसत्या स्प्रिंगा, तेलाचा पत्ता नाही. हॉर्नेटला अधिक शक्तीची ५४० मोटर आणि मागे तेल भरलेले शॉकअप. ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा. ती गाडी खडबडीत जमिनीवर नावाला जागून टुणटुण उड्या मारी. शॉकअप असणे आणि नसणे ह्यांतला फरक एरवी तांत्रिक पुस्तकात वाचावा लागतो. इथे तो शेजारशेजारच्या दोन मुलांच्या हातात होता.

१६/
हॉर्नेटचे मागचे शॉकअप ग्रासहॉपरवर बसत. त्यामुळे ते विकत घेऊन बसवणे हा अनेक मुलांच्या आयुष्यातला पहिला ‘अपग्रेड’ ठरला. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर नुसत्या स्प्रिंगेवरून तेलाच्या शॉकअपकडे जाण्यास मोटार-उद्योगाला जी दोन-तीन दशके लागली, ती वाट ह्या मुलांनी एका दुपारी, घरातल्या जेवणाच्या टेबलावर, एका स्क्रू-ड्रायव्हरच्या साह्याने पार केली. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ पेटंटांत लिहिला जात नाही, तो असा वापरणाऱ्यांच्या हातूनही घडतो.

१७/
त्याच १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील टीम असोसिएटेड ह्या कंपनीने ‘आरसी१०’ ही बग्गी आणली. रॉजर कर्टिस हे तिचे रचनाकार. सोनेरी ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि चारही चाकांना यंत्रावर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे, तेल भरलेले, वर स्प्रिंग चढवलेले शॉकअप ही तिची वैशिष्ट्ये. कोणत्याही एका खऱ्या गाडीचा हुबेहूब नमुना करण्याचा अट्टहास तिने धरला नाही. मॉडेल दिसते कसे, ह्यापेक्षा ते चालते कसे, ह्याला तिने अग्रक्रम दिला. सोनेरी ॲल्युमिनियमचा आजवर टिकलेला मोह ह्याच गाडीच्या काळात रुजला.

१८/
१९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे आरसी ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा गट जे हॅल्सी ह्याने आरसी१० घेऊन जिंकला. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, इंग्लंडमधील रॉम्सी येथे तोच गट जोएल जॉन्सनने जपानी क्योशो अल्टिमा घेऊन जिंकला, तर चारचाकी-चालनाचा गट मासामी हिरोसाका ह्या जपानी युवकाने ब्रिटिश शूमाखर गाडी घेऊन. शर्यतीच्या ह्या वर्तुळात चारही चाकांना तेलाचे शॉकअप ही आता पहिली पायरी होती. १९०४ चा धडा लहान आकारात पुन्हा गिरवला गेला.

१९/
ह्या बोटभर नळीच्या आत काय असते? सिलिकॉनचे तेल, कारण तापल्यावर त्याचा दाटपणा इतर तेलांच्या मानाने कमी बदलतो. पोलादी दांड्याच्या टोकाला प्लॅस्टिकचा दट्ट्या आणि दट्ट्याला दोन-तीन बारीक भोके. खाली गळती रोखणारी रबरी वळी. आणखी एक बारकावा : दांडा आत शिरतो तेव्हा तो जागा व्यापतो, आणि तेल तर दाबले जात नाही. म्हणून वर लवचिक रबरी पडदा ठेवतात, किंवा थोडी हवा राहू देतात. नको तिथे हवेचे बुडबुडे राहिले, तर दट्ट्या तेलाऐवजी फेसातून सरकतो आणि विरोध नाहीसा होतो. तेल भरल्यावर दांडा सावकाश वर-खाली करून बुडबुडे काढण्याचा जो सोपस्कार सांगितला जातो, त्याचे कारण हे.

२०/
आता बग्गीकडून ट्रककडे. अमेरिकेतील सेंट लुइसच्या बॉब चँडलर ह्याने १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ट्रकवर प्रचंड चाके चढवून ‘बिगफूट’ घडवला. १९८१ मध्ये त्याने जुन्या गाड्या चाकाखाली चिरडून दाखवल्या आणि ‘मॉन्स्टर ट्रक’ ह्या तमाशाचा जन्म झाला. पुढे चाकांचा व्यास ६६ इंचांवर, म्हणजे सुमारे १.७ मीटरवर गेला. एवढ्या अवाढव्य वाहनाखाली मात्र आरंभी कमानपाटेच होते. शॉकअप असत, पण पाट्यांच्या तुटपुंज्या हालचालीला ते पुरवणी म्हणून जोडलेले. ट्रक उडाला, की उतरताना चालकाच्या पाठीचे हाल होत.

२१/
ह्या लाटेवर तामियाने १९८६ मध्ये ‘ब्लॅकफूट’ आणि १९८७ मध्ये ‘लंच बॉक्स’ व ‘क्लॉड बस्टर’ आणले. लंच बॉक्स ही फुगीर टायरांवरची पिवळी व्हॅन ग्रासहॉपरच्याच कुळातली. तेलाविना स्प्रिंगा, मागच्या चाकांवर उभे राहण्याची खोड आणि न थांबणारी उसळी. क्लॉड बस्टरला दोन मोटरी, चारही चाकांना सुकाणू आणि प्रत्येक चाकाला दोन याप्रमाणे आठ शॉकअप. आठ नळ्यांची ती रांग खऱ्या मॉन्स्टर ट्रकसारखी भारदस्त दिसे. आत मात्र तेल नव्हते, केवळ स्प्रिंग आणि घर्षण. हॅसलरचा प्रसंग साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा उभा राहिला : शॉकअपचे रूप होते, काम अर्धेच.

२२/
१९८९ मध्ये चँडलरने ‘बिगफूट ८’ आणला. नळ्यांचा जोडलेला सांगाडा, चाकांना भरपूर वर-खाली सरकू देणारे निलंबन आणि नायट्रोजन वायूच्या दाबाखालचे शॉकअप. ह्या रचनेने मॉन्स्टर ट्रकचा चेहरामोहरा बदलला. पाट्यांचे ट्रक शर्यतींतून मागे पडत गेले. इथे कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि तेलाचे शॉकअप ह्यांवर उभे असलेले दीर्घ हालचालीचे निलंबन आरसी१० वर १९८४ पासून होते. खऱ्या मॉन्स्टर ट्रकला तसे निलंबन मिळायला आणखी पाच वर्षे लागली. खेळणे खऱ्याची नक्कल करते, हा समज ह्या एका बाबतीत तरी उलटा ठरतो.

२३/
बिगफूट ८ नंतर हौशी मंडळींनी आपल्या क्लॉड बस्टरचे सांगाडे कापले, नव्या भुजा जोडल्या आणि तेलाचे लांब शॉकअप बसवले. १९९० च्या दशकात शर्यतीच्या बग्गीवर बेतलेले आरसी ट्रक लोकप्रिय झाले, आणि चांगल्या ट्रकवर तेलाचे शॉकअप मुळातच येऊ लागले. २००० नंतर ब्रशविरहित मोटरी आणि लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्या. वेग दुप्पट झाला, की ऊर्जा चौपट होते. जी प्लॅस्टिकची नळी जुन्या मोटरच्या वेगाला पुरेशी होती, तिचे टोपण आता जोरदार आदळण्याने निसटू लागले. ‘अपग्रेड’ची गरज पुन्हा एकदा वेगानेच निर्माण केली.

२४/
आता आरंभीच्या दुकानात परतू. ॲल्युमिनियमची नळी काय देते? ती आदळण्याने फुगत नाही, टोपणाचे आटे झिजत नाहीत, उष्णता लवकर बाहेर जाते, आतली भिंत अधिक एकसारखी असते. नळीवर आटे पाडलेले असल्याने स्प्रिंगेखालचे कडे फिरवून ट्रकची उंची बारकाईने ठरवता येते. हे सगळे लाभ खरे आहेत. पण ट्रकच्या उसळीवरचा ताबा नळीच्या धातूत नसतो. तो आतल्या तेलाच्या दाटपणात, दट्ट्याच्या भोकांत आणि स्प्रिंगेच्या ताठपणात असतो. त्याच तेलाची, त्याच भोकांची प्लॅस्टिकची नळी गळत नसेल आणि तिच्यात हवा शिरली नसेल, तर ती सोनेरी नळीच्या फार मागे राहत नाही.

२५/
दोन गैरसमज विशेष रूढ आहेत. पहिला, कडे आवळले की स्प्रिंग ‘कडक’ होते. स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतो. कडे आवळल्याने फक्त ट्रक उंच उभा राहतो. दुसरा, तेल जितके दाट तितके बरे. फार दाट तेलात दबलेले चाक पुढचा खड्डा येईपर्यंत खाली उतरतच नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक ट्रक थोडा थोडा खाली बसत जातो आणि शेवटी निलंबन असूनही नसल्यासारखा धावतो. उसळणारा ट्रक आणि दगडासारखा ताठ ट्रक, दोघांचीही चाके जमिनीवर राहत नाहीत. योग्य जागा ह्या दोहोंच्या मधली.

२६/
म्हणून जाणकार नव्या नळ्या घेण्याआधी जुन्या उघडतात. तेल काळे पडले असेल तर बदलतात, झिजलेली रबरी वळी काढून नवी घालतात, वाकलेला दांडा सपाट काचेवर लोळवून ओळखतात. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून ट्रक त्याच उंचवट्यावरून पुन्हा उडवतात. आदळल्यावर तो एकदा दबून, एकदा वर येऊन शांत झाला, की काम झाले. ज्यांच्या मूळ शॉकअपमध्ये तेलच नाही, त्यांच्यासाठी मात्र तेलाचा कोणताही बरा संच, अगदी प्लॅस्टिकचाही, खरे परिवर्तन घडवतो.

२७/
तामियाने २००० नंतरच्या दशकात ग्रासहॉपर, हॉर्नेट, लंच बॉक्स ह्या जुन्या गाड्या पुन्हा बाजारात आणल्या, मूळच्या स्प्रिंगांसह आणि मूळच्या उसळीसह. चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांनी त्या आपल्या बालपणासाठी घेतल्या. त्यांतल्या कित्येकांनी खोके उघडताच पहिले काम केले ते मागे तेलाचे शॉकअप बसवण्याचे. काहींनी मात्र ती उसळी मुद्दाम तशीच ठेवली, कारण त्यांच्या आठवणीतली गाडी उसळतच होती.

२८/
त्रुफोच्या चकत्यांपासून ते आजच्या सोनेरी नळीपर्यंत एक गोष्ट सातत्याने दिसते. शॉकअपचे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून बाजार त्याचे रूप विकतो. हॅसलरच्या स्प्रिंगांना मिळालेले नाव आणि क्लॉड बस्टरच्या आठ नळ्या ह्याच्याच साक्षी. त्याच वेळी प्रत्येक काळात असे काही लोक भेटतात, जे नळी उघडून आत पाहतात. दुकानातल्या त्या मालकाने विचारावा असा प्रश्न म्हणून एवढाच : ‘आत तेल कोणते, आणि भोके किती?’

(थ्रेड समाप्त)